शिटी कोणावर वाजते

'येथे कचरा टाकू नये' ही पाटी जिथे असते नेमका तिथेच ढीग असतो, यावर सगळ्यांचे विनोद करून झालेत. पण त्यामागे खरोखरचा एक अभ्यास आहे. अमेरिकेत ॲरिझोनात पेट्रिफाइड फॉरेस्ट नावाचं राष्ट्रीय उद्यान आहे, कोट्यवधी वर्षांपूर्वीची झाडं तिथे दगड होऊन पडलीयेत आणि येणारे-जाणारे आठवण म्हणून एखादा तुकडा हळूच खिशात घालतात. रॉबर्ट चाल्डिनी या मानसशास्त्रज्ञाने तिथे दोन प्रकारच्या पाट्या लावून बघितल्या. एका पाटीचा सूर असा, की आजवर खूप लोकांनी लाकूड नेलंय आणि त्यामुळे जंगलाचं नुकसान झालंय. दुसरीवर साधी विनंती, की लाकूड नेऊ नका. पहिल्या पाटीजवळ खुणा करून ठेवलेल्या तुकड्यांपैकी जवळजवळ ८ टक्के गायब झाले, दुसरीजवळ २ टक्क्यांच्याही आत. म्हणजे 'सगळेच चोरतात हो' असं हळहळून सांगितलं की ऐकणाऱ्याला एवढंच कळतं, की अच्छा, सगळे नेतात तर आपणच का मागे राहायचं.

आपल्याकडे यावर देशी इलाज निघालाय तो म्हणजे देवाच्या टाइल्स. कुठल्याही जुन्या सरकारी ऑफिसच्या जिन्यात बघा, वळणावरच्या कोपऱ्यात गुडघ्याएवढ्या उंचीवर गणपती, साईबाबा, शेजारी मक्का-मदिना, खाली येशू, सर्वधर्मसमभाव तिथे जेवढा आहे तेवढा बाकी कुठे नाही. पिचकारी मारणारा तिथे थांबतो हे खरं, पण तोंडातलं पान काही गायब होत नाही, तो अर्धा जिना चढून जिथे टाइल नाही तिथे मोकळा होतो. शिवाय देवाला असं वॉचमनच्या ड्युटीवर लावणं मला काही पटत नाही, पण तो वेगळा विषय.

मला या सगळ्या शास्त्राची गोडी लागली ती वडाळ्यामुळे. मुंबईच्या लोकलवर २०१० च्या आसपास दिवसाला सरासरी दहा माणसं मरत होती, त्यातली खूप सारी रूळ ओलांडताना. रेल्वेने भिंती बांधल्या, दंड केले, 'रूळ ओलांडणे गुन्हा आहे' हे वाक्य तर स्टेशनवर एवढ्या वेळा वाजतं की ते आता पंख्याच्या आवाजासारखं ऐकू येत नाही. फायनल माइल नावाच्या मुंबईतल्या एका कंपनीने मध्य रेल्वेबरोबर वडाळ्याला वेगळं काहीतरी करून बघितलं. त्यांनी आधी प्रश्नच वेगळा विचारला: समोरून गाडी येताना दिसत असूनही माणूस पाऊल का टाकतो? उत्तर आलं ते डोळ्यांचं होतं. मोठी वस्तू आपल्याला आहे त्यापेक्षा हळू येतेय असं वाटतं, आणि लोकल ही चांगलीच मोठी वस्तू आहे. मग रुळांखालचे स्लीपर ठराविक अंतराने पिवळे रंगवले, म्हणजे गाडी ते पट्टे किती भराभर गिळतेय हे दिसायला लागलं. कवटी आणि हाडांच्या चित्राऐवजी एका माणसाचा चेहरा लावला, गाडी अंगावर येतानाचा, तोंड वासलेला, डोळे फाटलेले. आणि तिसरी गोष्ट शिटी. मोटरमन एक लांबलचक शिटी वाजवायचे त्याऐवजी दोन तुटक शिट्ट्या वाजवायला सांगितल्या, कारण सलग आवाजाची मेंदूला सवय होते, दोन आवाजांमध्ये जी छोटीशी शांतता असते तिने तो दचकतो. या एवढ्याशा खटाटोपाने तिथले मृत्यू निम्म्याहून कमी झाल्याचं तेव्हा बातम्यांत आलं होतं.

मला यातलं काय आवडलं, तर रूळ ओलांडणारा अडाणी आहे, त्याला अक्कल नाही, असं कुणी धरलंच नव्हतं. त्याला कळतंय, पूल लांब आहे, गाडी सुटतेय, मस्टर चुकतंय, आणि त्याचे डोळे त्याला फसवतायत. त्याच्या डोळ्यांना मदत केली. त्याचा फोटो काढून प्लॅटफॉर्मवर लावला नाही.

आता दुसरी शिटी.

माझं माहेर सोलापूर जिल्ह्यात, बार्शीच्या बाजूला. मी लहान होते तेव्हा गावात संडास असलेली घरं मोजकी होती. गावाच्या एका अंगाला पुरुषांची हागणदारी आणि दुसऱ्या अंगाला बायकांची पाणंद, दोन्हीकडे बाभळी. बायका पहाटे तांबडं फुटायच्या आत जायच्या नाहीतर दिवेलागणीनंतर, टमरेल पदराखाली, सोबत कुणीतरी असायचंच. मधल्या वेळात गेलं की अडचण, पावसाळ्यात साप, आणि पाळी असेल तर तर बोलायलाच नको. दिवसभर पाणी कमी प्यायचं ही गोष्ट आईने कधी मला वेगळी शिकवली नाही, मी बघून शिकले. हे सगळं असूनही, आणि इथेच घोळ आहे, पाणंदीला जाणं ही काही जणींची दिवसातली एकमेव मोकळी वेळ होती. सासू बरोबर नाही, नवरा बरोबर नाही, जाऊ-नणंदेच्या तक्रारी, कुणाचं कुठे जमलं, कुणाला दिवस गेले, सगळ्या बातम्या तिथे. माझी थोरली काकू म्हणायची, तिथं बसल्याबिगर गाव कळत नाही. शहरातून येऊन 'स्वच्छतेचं महत्त्व' सांगणाऱ्या कुणालाही हे दिसलेलं मी बघितलं नाही.

घरात संडास झाला तो आण्णांनी, म्हणजे माझ्या आजोबांनी, पुण्याच्या पाहुण्यांसाठी बांधला. सोयरीक जमवायची होती, पाहुणे बघायला येणार, त्यांची पंचाईत नको. बांधून झाल्यावर तो पाहुण्यांचाच राहिला, एरवी कडी लावलेली. आज्जीला एकदा मी विचारलं, तू का जात नाहीस, तर तिचं तोंड असं झालं की मीच काहीतरी घाण बोललेय. "जिथं भाकरी थापायची त्याच्या शेजारी हागायचं व्हय? तुमच्या शहरात चालत असंल." तिच्या दृष्टीने घर स्वच्छ ठेवायचं म्हणूनच बाहेर जायचं होतं. आम्ही तिला अस्वच्छ म्हणत होतो आणि ती आम्हाला. पुढे त्या संडासात सरपण आणि गोवऱ्या गेल्या, एका पावसाळ्यात खुडूक कोंबडी बसवली होती.

नंतर २०००-०१ मध्ये संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान आलं. आर. आर. आबा तेव्हा ग्रामविकास मंत्री. या अभियानाची रचना मला आजही हुशारीची वाटते: आधी पैसे नाहीत, आधी गावाने श्रमदानाने गाव झाडायचं, मग तालुक्यात, जिल्ह्यात, राज्यात नंबर आला तर बक्षीस. आणि खरं सांगायचं तर बक्षिसाच्या रकमेपेक्षा शेजारच्या गावाचा नंबर आपल्या आधी येऊ नये ही आग जास्त मोठी होती. आमच्या गावात ज्या दोन भावक्या एकमेकांच्या लग्नाला जात नव्हत्या त्यांनी एका रविवारी एकाच गटारात फावडी मारली. तपासणी समिती येणार म्हणून दारोदार रांगोळ्या, भिंतींवर म्हणी, झाडांना गेरू-चुना. समिती गेली की गटार पुन्हा हळूहळू तुंबलं, पण सगळं नाही तुंबलं हेही खरं. काही घरांत संडास तेव्हा झाले आणि वापरात राहिले, बहुतेक ज्या घरात सून शिकलेली होती किंवा म्हातारी माणसं गुडघ्यांनी बेजार झालेली होती. गुडघेदुखीने जेवढं स्वच्छतेचं काम केलंय तेवढं कुठल्या भाषणाने केलं नसेल.

ज्यांचं नाव अभियानाला दिलं ते गाडगेबाबा या बाबतीत सगळ्यांचे गुरू. गावात शिरले की आधी कुणाशी न बोलता झाडायला सुरुवात. एक फाटका माणूस आपलं गटार उपसतोय हे बघत उभं राहणं फार वेळ जमत नाही, हळूहळू गाव खाली वाकतं. आणि रात्री त्याच झाडलेल्या जागी कीर्तन, त्यातही उपदेश कमी आणि प्रश्न जास्त, समोरच्यांनी मोठ्याने उत्तर द्यायचं. जी गोष्ट माणूस चार लोकांत स्वतःच्या तोंडाने कबूल करतो ती पाळायची त्याच्यावर आपोआप जबाबदारी येते, हे आता कॉलेजात शिकवतात. ते पायाही पडू द्यायचे नाहीत, म्हणजे बाबांचा आशीर्वाद घेतला आणि झाडू त्यांच्यावरच सोपवून घरी गेलो ही पळवाटही बंद.

हे अभियान सुरू झालं त्याच सुमारास बांगलादेशात राजशाहीकडच्या मोसमोइल नावाच्या गावात कमल कार या भारतीय तज्ज्ञाने एक पद्धत सुरू केली होती. अनुदान नाही, संडास बांधून द्यायचा नाही. गावकऱ्यांनाच हागणदारीतून चालवत न्यायचं, मग जमिनीवर गावाचा नकाशा काढायचा आणि कोण कुठे बसतं तिथे पिवळी पूड टाकायची. गावाची वर्षाची विष्ठा किती गाड्या होते याचा हिशोब गावानेच मांडायचा. मग पाण्याचा ग्लास घ्यायचा, एक केस विष्ठेला लावून त्यात बुडवायचा आणि म्हणायचं, प्या. कुणी पीत नाही. मग विचारायचं, माशीला सहा पाय असतात, तुमच्या ताटावर बसते तेव्हा काय करता? एवढं झालं की बाहेरच्या माणसाने गप्प बसायचं. किळस वाटली पाहिजे ती गावाला, आणि ठरवायचंही गावाने. ही पद्धत काही वर्षांतच महाराष्ट्रात आली आणि मला वाटतं येता येता तिचं अर्धं अंग वाटेतच पडलं. गप्प बसण्याचा भाग कुठल्याच सरकारी यंत्रणेला जमण्यासारखा नव्हता. शरम तेवढी आली.

तिचं नाव गुड मॉर्निंग पथक. पहाटे जीप यायची, त्यात ग्रामसेवक, पंचायत समितीचे लोक, कधी पोलीस, आणि हो, शाळेचे मास्तर, त्यांना तर ही ड्युटी लागली म्हणून संघटनांनी बोंब मारली होती आणि बरोबरच होती. रस्त्याच्या कडेला टॉर्च मारायचा आणि शिटी वाजवायची. कुठे गुलाबाचं फूल द्यायचे, गांधीगिरी म्हणून, कुठे हार, कुठे फोटो. १२०० रुपये दंडाच्या बातम्या यायच्या पेपरात. मी एकदा दिवाळीला गावी असताना ही शिटी ऐकलीय. पहाटेच्या अंधारात ती फार लांबपर्यंत जाते, आणि त्या दिवशी फाट्यावरून तीन बायका डोक्यावरून पदर ओढून जवळजवळ पळत आल्या, त्यातली एक चांगली साठीची होती, तिच्या हातातलं टमरेल मागेच राहिलं होतं. आमच्या ओट्यावर बसलेले दोघंतिघं हसले. ती माझ्या आईला म्हणाली, "आता म्हातारपणी फोटू काढत्यात ग बया," आणि तीही हसली, पण ते हसू कसलं होतं ते मला कळत होतं.

आता यातली एक बारीक गोष्ट बघा, जी मला बऱ्याच उशिरा लक्षात आली. ज्याचं शेत आहे तो आपल्या शेतात जातो. उसात, तुरीत, बांधाच्या पलीकडे. तिथे जीप जात नाही, आणि गेली तरी पाटलाच्या उसात घुसून त्याला हार घालायची कुणाची छाती आहे? रस्त्याच्या कडेला, गायरानात, ओढ्याला कोण बसतं, तर ज्याला स्वतःची वीतभर जमीन नाही तो. म्हणजे शिटी वाजवणाऱ्याच्या मनात काहीही नसलं तरी ती वाजणार कुणावर हे सात-बाऱ्यावरून आधीच ठरलेलं. ज्याच्या घरात संडास बांधायला जागा नाही, बांधला तर पाणी नाही, त्याच्याकडूनच दंड.

स्वच्छ भारत अभियान आलं २ ऑक्टोबर २०१४ ला, घरटी १२,००० रुपये, आणि पाच वर्षांत म्हणजे गांधीजींच्या दीडशेव्या जयंतीला देश हागणदारीमुक्त करायचा. अनुदान चांगलं होतं, ज्यांना खरंच हवा होता आणि परवडत नव्हता अशा कितीतरी घरांत संडास झाले, माझ्या गावातल्या पाणंदीला आता बाभळींशिवाय कुणी नसतं, हे मी नाकारत नाही. महाराष्ट्राचा ग्रामीण भाग तर २०१८ मध्येच हागणदारीमुक्त जाहीर झाला. पण तारीख ठरली की आकडा पुरा करावा लागतो, आणि आकडा पुरा करायचा म्हटलं की सगळ्यात सोपं हत्यार शिटीच. रेशन बंद करू, दाखला देणार नाही, अशा धमक्या. २०१८ मध्ये बिहार, मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेशात एक पाहणी झाली होती, त्यात निम्म्याहून जास्त लोकांनी सांगितलं की आमच्या गावात कुठली ना कुठली जबरदस्ती झाली, आणि ती वाट्याला आली ती दलित आणि आदिवासी घरांना कितीतरी जास्त. आणि २०१९ च्या सप्टेंबरात, देश हागणदारीमुक्त झाल्याची घोषणा व्हायला एक आठवडा असताना, मध्य प्रदेशात शिवपुरी जिल्ह्यातल्या भावखेडी गावात उघड्यावर शौचाला बसले म्हणून दोन दलित पोरांना काठ्यांनी मारून टाकलं. मुलगी बारा वर्षांची, मुलगा दहा. मारणाऱ्यांना अभियानाची काळजी होती असं कुणी म्हणणार नाही. पण चिडायला त्यांना जे निमित्त मिळालं ते कुठून आलं होतं, हा प्रश्न मला तेव्हापासून सोडत नाही.

बरं, एवढं करून संडास वापरले का? त्या २०१८ च्या पाहणीतलाच आणखी एक आकडा आहे. ज्यांच्या घरात संडास आहे त्यांच्यातले साधारण २३ टक्के लोक तेव्हाही बाहेरच जात होते, आणि २०१४ मध्येही हे प्रमाण जवळपास तेवढंच होतं. म्हणजे संडास भरपूर वाढले, पण असलेला संडास वापरायची सवय होती तिथेच राहिली. डायन कॉफी आणि डीन स्पीअर्स हे दोघं संशोधक यावर वर्षानुवर्षं काम करतायत, आणि त्यांचं म्हणणं असं की भारताचं कोडं गरिबीने सुटत नाही, शिक्षणाने सुटत नाही, पाण्याने पण पूर्ण सुटत नाही, कारण आपल्यापेक्षा गरीब देशांतही लोक साधा खड्ड्याचा संडास मुकाट्याने वापरतात. आपल्याकडे अडतं ते खड्डा भरल्यावर. भरला की उपसायचा कुणी? हे काम ज्यांच्यावर शतकानुशतकं लादलं त्यांचे जे हाल केले ते सगळ्या गावाला माहीत असतात, म्हणून तो खड्डा कधी भरूच नये असं प्रत्येकाला वाटतं. मग एकतर बाहेर जायचं, नाहीतर खोलीएवढी टाकी बांधायची, जी आपल्या हयातीत भरणार नाही. आणि १२,००० मध्ये खोलीएवढी टाकी होत नाही. म्हणून छोटा खड्डा मिळाला की तो फक्त म्हातारी, आजारी आणि नवी सून यांच्यासाठी राखून ठेवायचा, बाकीच्यांनी शेतात. आमच्या आण्णांचं हेच होतं. मला इतके दिवस वाटायचं की तो कडी लावलेला संडास म्हणजे अडाणीपणा आहे.

गंमत अशी की याचं उत्तर कधीच सापडलेलं आहे. दोन शोषखड्डे. साधारण मीटरभर व्यासाचे, जाळीदार विटांचे, मध्ये एक चेंबर. एक खड्डा चालू, दुसरा बंद. पाच-सहा माणसांच्या घराला एक भरायला चार-पाच वर्षं लागतात, मग चेंबरमध्ये वीट फिरवायची, दुसरा चालू. पहिला झाकून वर्ष-दोन वर्षं ठेवला की आत जे उरतं ते कोरडं, काळं, वास नसलेलं खत असतं, चहाच्या चोथ्यासारखं. ते उपसायला कुणा जातीची गरज नाही. हे लोकांना पटावं म्हणून केंद्राचे तेव्हाचे स्वच्छता सचिव परमेश्वरन अय्यर २०१७ च्या फेब्रुवारीत तेलंगणातल्या गंगादेवीपल्ली गावात स्वतः अशा खड्ड्यात उतरले आणि हाताने खत बाहेर काढलं. मला अख्ख्या अभियानातला हा एकच प्रसंग गाडगेबाबांच्या जवळ जाणारा वाटतो. पण दिल्लीतला आयएएस अधिकारी खड्ड्यात उतरला म्हणून गावातला माणूस उतरत नाही, तो म्हणतो त्यांचं काय, ते फोटो काढून गेले. गावातला माळी, गावातला पाटील, आपला व्याही उतरला तर बघू.

आता जरा माझ्याकडे, म्हणजे पुण्यातल्या आमच्या सोसायटीकडे येऊ. २०१६ च्या घनकचरा नियमांनी ओला-सुका घरातच वेगळा करणं बंधनकारक केलं. बंधनकारक. आमच्याकडे कचरा न्यायला ताई येतात, त्या रोज पार्किंगच्या कोपऱ्यात बसून आमच्या पिशव्या फोडून हाताने वेगळं करतात, वरण-भात एकीकडे, डायपर एकीकडे, दुधाच्या पिशव्या एकीकडे. सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळून वर लाल ठिपका काढा, म्हणजे उघडून बघावं लागणार नाही, अशी मोहीम पुण्यात झाली होती, एवढं साधं, एका स्केचपेनचं काम. आमच्या विंगमध्ये ते करणाऱ्या घरांना मी ओळखते, इतकी ती थोडी आहेत. कमिटीतल्या एका काकूंनी मग कल्पना काढली, लिफ्टच्या शेजारी फ्लॅट नंबरांचा तक्ता लावू, वेगळा करणाऱ्यांच्या पुढे हिरवी टिकली. न करणाऱ्यांच्या पुढे काही नाही, लाल-बिल काही नाही, नुसतं कोरं. तक्ता दोन दिवस टिकला. व्हॉट्सॲप ग्रुपवर जे महाभारत झालं त्यात एका गृहस्थांचा मेसेज मला पाठ आहे: "अशी जाहीर बदनामी करणे सुशिक्षित सोसायटीला शोभत नाही. प्रत्येकाला आपली इज्जत असते." खाली सत्तावीस अंगठे.

मी तो मेसेज वाचला तेव्हा मला ती साठीची बाई आठवली, दुसरं काय आठवणार.

मग दंडाचा प्रस्ताव आला, महिन्याला दोनशे रुपये. इस्रायलमध्ये हैफा शहरात पाळणाघरांत असा प्रयोग झालेला आहे, मुलांना न्यायला उशीर करणाऱ्या पालकांना दंड लावला तर उशीर वाढला, कारण आधी बाईंना ताटकळत ठेवल्याचं वाईट वाटायचं, आता पैसे दिले की हिशोब संपला. पुढे दंड काढून टाकला तरी उशीर कमी झाला नाही, लाज एकदा गेली ती गेलीच. आमच्याकडे दोनशे रुपये मेंटेनन्समध्ये मिसळून भरायला लोक आनंदाने तयार झाले, एकाने तर वर्षाचे एकदम देतो म्हटलं. ताई अजून तिथेच बसतात.

तर माझं म्हणणं एवढंच आहे, की शरम हे हत्यार चालतं का यावर जी चर्चा होते ती मला अर्धवट वाटते. ते चालतं, पण खालच्या दिशेने. ज्याला तक्ता काढून टाकायला लावता येतो त्याच्यावर ते कधी चालवलंच जात नाही. त्याच्यासाठी आपण हिरवी टिकली शोधतो, बचतीची ॲपं बनवतो, त्याला हळूच कोपरखळी देतो, ज्याला 'नज' म्हणतात आणि ज्याच्या अभ्यासाबद्दल रिचर्ड थेलर यांना २०१७ मध्ये नोबेल मिळालं. मला ते शास्त्र आवडतं, वर सांगितलंच. मग तेच शास्त्र पाणंदीपर्यंत पोचताना त्याची शिटी का होते? मुंबई पोलिसांनी २०२० च्या आसपास हॉर्न वाजवणाऱ्यांसाठी सिग्नलला डेसिबल मीटर जोडला होता, ८५ च्या वर गोंगाट गेला की लाल सिग्नल पुन्हा पहिल्यापासून. मर्सिडीजवाला पण थांबणार आणि टेम्पोवाला पण. शिक्षाच करायची तर निदान अशी करा.

मागच्या उन्हाळ्यात माझ्या चुलतभावाचं नवीन घर चाललं होतं. सेप्टिक टँकचा खड्डा खणून झालेला, दहा बाय दहा, आत ट्रॅक्टर उभा राहील एवढा. मी म्हटलं दोन शोषखड्डे का करत नाहीस, पैसे वाचतील, शेताला खत होईल. तो हसला, म्हणाला गवंड्याला विचार. गवंडी म्हणाला, "ताई, माझं काय जातंय, मी दोन खड्डे दोन दिवसात करून देतो. पर लोक म्हणत्यात मिस्त्री काम मारतोय. ज्याची टाकी मोठी त्यो मोठा, असं झालंय आता." आमच्या पंचक्रोशीतले निम्मे संडास या माणसाच्या हातचे. वीस वर्षांत स्वच्छतेच्या नावाखाली गावात आलेल्या पथनाट्यवाल्यांपैकी, कलापथकांपैकी, अधिकाऱ्यांपैकी कुणी त्याच्याशी पाच मिनिटं बसून बोललं होतं का, मी विचारलं. तो म्हणाला एकदा मीटिंगला बोलावलं होतं, सतरंज्या घालायला.

मी भावाला तरी सोडलं नाही, टाकी भरल्यावर काय, तालुक्याचा टँकर येणार, तो उपसून कुठल्यातरी ओढ्यात सोडणार, असं बरंच ऐकवलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "तुमच्या सोसायटीचं कुठं जातं मग?"

म्हटलं, आमच्याकडे एसटीपी आहे, सांडपाणी शुद्ध करायचा प्लँट.

"चालू असतो का?"

पुण्याला आल्यावर मीटिंगमध्ये मी हा प्रश्न विचारला. सेक्रेटरी म्हणाले विषय अजेंड्यावर नाही, पुढच्या वेळी घेऊ. पुढच्या वेळी गणपतीच्या वर्गणीचा विषय निघाला, तो रात्री साडेदहापर्यंत चालला.